काकांनी मॅनिफोल्ड निवडलं तेव्हा

बाळांनो, कुठेही जायचं नसताना सदा घाईत असलेला माणूस तुमच्या आईच्या धाकट्या काकांखेरीज मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्याविषयी लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण तुमच्या आईच्या वरातीची हकिकत सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाहीत, आणि ती सांगताना मला अजून घाम फुटतो. पण गेल्या रविवारी तुमच्यातला थोरला फोनवर म्हणाला, "आजी, गाडीला नवीन इनटेक मॅनिफोल्ड बसवतोय, कुठलं घ्यावं ठरत नाहीये. जाऊ दे, तुला नाही कळणार ते." बाळा, कळतं. इंजिनाच्या पोटात हवा आणि पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांचा तो जुडगा. तसले दोन जुडगे माझ्या जेवणाच्या टेबलावर सबंध उन्हाळाभर पडून होते. तुझ्या गाडीला टर्बो आहे म्हणे. आमच्याकडे हवा कोंबण्याचं ते काम सोलापूरचा वारा फुकट करायचा.

तर काका. ते माझे दीर, मी त्यांना भाऊजी म्हणत असे. कचेरीत नकाशे काढायचे, लग्न केलेलं नव्हतं, आणि राहायला आमच्याच घरी मागच्या खोलीत. चहा ते उभ्यानं प्यायचे, तोही पायात चपला घालून. कुणाला आणायला स्टेशनवर निघाले, की गाडी यायच्या आत जाऊन, वाट पाहून, कंटाळून परत यायचे आणि पाहुणा टांगा करून त्यांच्या मागोमाग घरी पोचायचा. सिनेमाला मी त्यांच्याबरोबर जाणं सोडूनच दिलं. नायिकेच्या वडिलांना पश्चात्ताप व्हायला लागला, की हे उठून उभे. "चला वहिनी, शेवट काय होणार ते कळलंच आहे. दारात गर्दी कशाला?" वैरागला मुलगी पाहायला आम्ही त्यांना एकदाच नेलं. मुलगी आली, बसली, नाव सांगून झालं आणि पोहे यायच्या आत भाऊजी उठले. परतीच्या एस.टी.त मी विचारलं, "काय हो, मुलगी आवडली नाही?" तर म्हणाले, "मुलगी छान आहे. पण त्या घरात पोहे यायला फार वेळ लागतो." तुमच्या आजोबांनी त्या वैरागकरांची माफी मागणारं पत्र मला लिहायला लावलं. भाऊजींच्या वतीनं माफी मागण्याची मला पुढे इतकी सवय झाली, की मजकूर पाठ झाला होता.

अशा माणसाच्या हाती गाडी आली. मिलमधला एक विलायती इंजिनिअर मायदेशी परतताना ती विकून गेला. लाल, बुटकी, दोनच माणसांची, उघड्या टपाची. तीत बसलं की शेजारून जाणाऱ्या बैलाचा गुडघा डोळ्यांच्या पातळीला यायचा. ही गाडी सोलापुरात पळवायची कुठे? मिलचा भोंगा झाला की रस्ताभर सायकली, एरवी टांगे आणि म्हशी. म्हणून त्या बिचारीच्या नशिबी एकच काम आलं, ते म्हणजे वराती. मागच्या झाकणावर गादी टाकून नवरानवरीला उंच बसवायचं, पुढे फेटा बांधून भाऊजी, आणि त्यांच्या पुढे बँड. मागेल त्याला ते गाडी द्यायचे. निम्म्या सोलापूरच्या सुना त्या झाकणावरून सासरी गेल्या असतील. गावातला सगळ्यात घाईचा माणूस गावातलं सगळ्यात सावकाश वाहन हाकत होता. घरी आले की हातपाय धुता धुता कुरकुर सुरू, "वहिनी, आज एका म्हातारीनं आम्हाला मागे टाकलं. काठी टेकत चालली होती हो!"

तुमची आई पाच वर्षांची असल्यापासून त्या झाकणावर बसून खेळली. "काका, माझी वरात याच्यातून ना?" "याच्यातूनच. तेव्हा तर गाडीला नवा दम आणतो बघ." तिचं लग्न अकलूजच्या घरात ठरलं तेव्हा त्यांना हा शब्द आठवला. कुणाकडून तरी मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी दोन मॅनिफोल्डं मागवली. एकाच्या नळ्या लांब आणि सडपातळ, दुसऱ्याच्या आखूड आणि रुंद. बरोबर एक इंग्रजी पुस्तिका. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, म्हणून ती वाचून अर्थ सांगायचं काम माझं. टेबलाशी बसून मी नीट सांगितलं, "सडपातळ नळ्यांचं हळू चालीत चांगली ओढ देतं. रुंद नळ्यांचं वेगात मोकळा श्वास घेतं, मात्र..." भाऊजी उठलेसुद्धा.

"अहो, वाक्य पुरं होऊ द्या."

"वेगात मोकळा श्वास! झालं की. पुढचं कळलंच आहे."

पुढचं असं होतं, की अशा नळ्यांनी हळू चालीत इंजिन अडखळतं. मी ते त्यांच्या पाठीला वाचून दाखवलं.

तरी निवड घाईत केली असं कुणी म्हणू नये, म्हणून त्यांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. माझ्या डब्यातली ज्वारी काढली आणि दोन्ही मॅनिफोल्डांतून आळीपाळीनं परातीत ओतली. ज्यातून ज्वारी लवकर पडेल त्यातून हवाही लवकर जाईल, असा त्यांचा हिशेब. रुंद नळ्यांतून ती धबधबा पडली. सडपातळ नळ्यांत एकदा अडकली, तर भाऊजी त्या मॅनिफोल्डला म्हणाले, "बघ, तुला साधी ज्वारी पचत नाही." गाडी दुरुस्त करणारा त्यांचा मिस्त्री शेजारी उभा राहून पसंतीची मान हलवत होता. "भाभी, छोटी नाक का घोडा दौडता क्या कभी? बडाच लगाव." पुढे आठवडाभर आमच्या भाकरीला पेट्रोलचा वास येत होता. त्याच आठवड्यात विहीणबाई पहिल्यांदा घरी जेवायला आल्या. त्यांनी घास घेतला, थांबल्या, आणि म्हणाल्या, "तुमच्याकडची चूल लई दमदार हाय." मी मान वर केली नाही.

रुंद नळ्या बसल्या. एका पहाटे भाऊजी पुण्याच्या रस्त्याला जाऊन आले ते डोक्यावरचे केस उभे राहिलेले, डोळ्यांत पाणी. "वहिनी, मोहोळ कधी आलं कळलंच नाही!" इतका सुखी झालेला माणूस मी क्वचितच पाहिला. हळू चालवून मात्र त्यांनी ती एकदाही पाहिली नाही. हळू चालवण्यात पाहायचं काय?

लग्न लागलं. अकलूजकर दोन जीपगाड्या आणि एक ट्रक भरून आलेले. वरातीला फुलांनी मढवलेली जीप देऊ केली, तर तुमचे आजोबा ताठ होऊन म्हणाले, "वरात आमच्या गाडीतून निघेल." आमच्या घरचं सारं नाक त्या एका वाक्यात होतं, कारण त्यांच्या मानानं आम्ही साधी माणसं, आणि मुलीला देण्यासारखा तेवढाच एक थाट आमच्याकडे होता.

दिवेलागणीला गाडी सुरू झाली तेव्हा असा हुंकार उठला, की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बँड चालू लागला आणि त्याच्या पावलानं गाडी चालायची वेळ आली. ती उचक्या द्यायला लागली. थरथरली, खोकली, आणि बंदुकीसारखा बार काढून बंद पडली. क्लॅरिनेटवाला खाली बसला. भाऊजींनी उतरून हँडल मारलं. गाडी दोन हात गेली आणि पुन्हा बार. असं होता होता ते बँडवर ओरडले, "जरा पळत वाजवा हो!"

बँडमास्तर म्हणाला, "सायेब, पळताना क्लॅरिनेट दातात जातंय की!"

माडीवरून कुणी हाक मारली, "काका, घोडं आणू का?" बायका खिडक्यांतून हसत होत्या. शालूचा पदर मी नाकापर्यंत ओढला होता आणि विहीणबाईंच्या पावलांकडे पाहत चालत होते, कारण त्यांच्या तोंडाकडे पाहायची सोय नव्हती. ऐन चौकात गाडीनं शेवटचा श्वास सोडला. दोन्ही बाजूंना टांगे आणि सायकली तुंबल्या. वर झाकणावर तुमची आई मान खाली घालून बसलेली. या वेळी भाऊजी हँडल घ्यायला उतरले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले.

आजोबा मोठ्यानं म्हणाले, "पेट्रोल संपलं वाटतं!"

विहीणबाईंनी ते वरच्यावर झेललं. "व्हय, पेट्रोलच संपलं आसंल. लगीनघाईत ध्यानात ऱ्हात न्हाय. आमच्या जीपचं बी आसंच हुतंय की." त्या बाईचे पाय धरावेत असं मला वाटलं. सगळा चौक ते मानायला तयार होता. भाऊजींनी फक्त गप्प बसायचं होतं.

ते सीटवर उभे राहिले. फेटा एका कानावर उतरलेला. "नाही," ते म्हणाले. "टाकी भरलेली आहे, सकाळीच भरली. गाडीतही दोष नाही. मॅनिफोल्ड मी चुकीचं निवडलं. वहिनी वाचून दाखवत होत्या, मी ऐकून घेतलं नाही. पोरी, चुकलं माझं."

मॅनिफोल्ड म्हणजे काय हे त्या चौकात कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणीतरी खुदकन हसलं. धरणी दुभंगावी असं म्हणतात ना, ते मला अगदी शब्दशः वाटलं. नवऱ्या मुलाकडच्या एवढ्या माणसांपुढे आमची झाकली मूठ आमच्याच माणसानं उघडली होती.

तेवढ्यात तुमचे बाबा झाकणावरून खाली उतरले. मुंडावळ्या मागे टाकल्या, कोटाच्या बाह्या सारल्या आणि गाडीला मागून हात लावला. "काका, ब्रेक सोडा." मग त्यांचे भाऊ, मग ट्रकमधली सगळी माणसं. बँड सुरू झाला. तुमची आई एकटीच वर बसून जानवसघरी गेली, आणि तिला तिच्या नवऱ्यानं ढकलत नेलं. त्या रात्री भाऊजी जेवले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी रुंद नळ्या काढून सडपातळ बसवल्या. पण वरातीला कुणी गाडी मागायला आलं, की म्हणायचे, "गाडी चांगली आहे, माझा भरवसा नाही." अकलूजला ते कधीच गेले नाहीत. विहीणबाई दर दिवाळीला बोलावणं धाडायच्या, त्यांच्या नावानं वेगळी गुळाची ढेप पाठवायच्या. मी सांगायची, "भाऊजी, तिथे कुणी हसत नाही हो. उलट चांगलंच बोलतात." ते म्हणायचे, "वहिनी, तुम्ही समजूत घालताय." सिनेमाचा शेवट पाहायला न थांबणारा तो माणूस, याचाही शेवट आपल्याला कळलाच आहे असं धरून बसला. अकलूज एस.टी.नं काही दूर नाही.

ते गेले तेव्हा तुम्ही फार लहान होता. गाडी बार्शीच्या कुणी घेतली, तिचं पुढे काय झालं माहीत नाही. काढून ठेवलेलं रुंद नळ्यांचं मॅनिफोल्ड भंगारात गेलं. अकलूजच्या घरात मात्र कुणी सबब सांगायला लागलं, की तुमची चुलत भावंडं आजही म्हणतात, "टाकी भरलेली हाय. खरं काय ते बोल." काकांचं तेवढं तिथे राहिलं आहे.