मायच्या सिनेमात माय नव्हती

मेकअपवालीनं माहा हात धरला अन् हिरोइनीच्या गालाशी नेऊन लावला. दोन्ही रंग पाहिले. मले काही विचारलं नाही. डबीतला काळा रंग हिरोइनीले अजून थोडा फासला अन् म्हणाली, "एवढा बास. त्यांच्यात असाच असतो."

हिरोइन माही माय झाली होती.

माय पांढुर्ण्याची. दिवसभर कापूस वेचे अन् भीमगीतं गाये. नदीपल्ल्याड सावरगावात तिचा आवाज जाये, असं म्हातारे लोक अजून सांगतात. ती गेल्यावर मुंबईच्या लोकायले तिच्यावर सिनेमा काढाचं सुचलं. शूटिंग मोहगावात. माहा गळा मायवर गेला, म्हणून मले बोलावलं. ओठ हिरोइन हालवणार, गाणार मी. मी खुशीनं गेली. नवी साडी नेसून.

सीन होता पाटलाच्या घरच्या लग्नाचा. पाटलीणबाई मायले ओसरीवर बसवते, पितळी गिलासात पाणी देते. म्हणते, पोरी, तुह्या गळ्यात सरस्वती हाय. माय तिच्या पाया पडते अन् भजन म्हणते.

खऱ्या लग्नात मी होती. लहान. मायचा पदर धरून. तिले अंगणाबाहेर गोठ्यापाशी उभं केलं होतं. गाता गाता घसा सुकला, तिनं पाणी मागतलं. गड्यानं वरून ओंजळीत ओतलं. अर्धं लुगड्यावर. मांडवातले हसले. माय तशीच ओली गात राहिली. मंग त्या दारी कधी गेली नाही. अन् जयभीम म्हटल्याबिगर तिनं एकही गाणं सुरू केलं नाही.

हे सारं मी डायरेक्टरले सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं.

"ताई, लोकांना गाणं हवं असतं. जात कशाला मध्ये आणायची?"

"मी नाही आणली साहेब. तुमच्या डबीतच होती."

त्यानं भजन गायले सांगितलं. मी माइकसमोर उभी राहिली. जयभीम म्हटलं अन् मायचं गाणं उचललं. त्यानं थांबवलं. पुन्हा तेच गायली. मंग कोणीतरी माइक बंद केला. मी पुरं गाणं बिना माइकचं म्हटलं अन् निघून आली.

माहा भाऊ आजही माह्याशी बोलत नाही. लोकायजवळ म्हणते, माय मोठी होऊन राहिली होती, तू खोडा घातला.

सिनेमा आला. आवाज दुसऱ्या बाईचा. नागपूरले लोक रडले म्हणे. पाटलाचा नातू आता चौकात सांगते, तिले आमच्या आजीनं घडवलं.

मी गाऊन राहिली. विहारात, बारशात, लग्नात. मायले कुठं उभं केलं होतं ते पयले सांगते, मंग गाते. सौंसरच्या एका कार्यक्रमात पुढच्या रांगेतले उठून गेले. आयोजक हळूच म्हणाला, तेवढं वगळा ना बाई.

नाही वगळणार. उठणाऱ्यानं उठावं. त्यायची पाठ दिसली तरी मी सांगीनच, अन् जरा मोठ्यानं सांगीन.