उलटी ज्युनो

माझा नवरा पांफिलस सोनार खरा, पण काळीज चिमणीचे. सगळ्या कापुआ शहरात त्याच्याइतक्या सफाईने नाण्याला भोक पाडणारा दुसरा नाही आणि त्याच्याइतका घाबरटही नाही.

आमची लेक फेलिकुला पहाटेपासून कळा सोसत होती. आधीची दोन्ही बाळे पायाळू आली आणि गेली. या वेळी तिच्या गळ्यात ज्युनो हवीच होती, बाळंतिणींची देवी. घरात सोन्याचे एकच नाणे. एका बाजूला ज्युनो उभी, दुसऱ्या बाजूला सम्राटाचे डोके. भोक पाडून साखळीत ओवायचे, एवढेच काम. दोरी नको, बाळंतिणीच्या खोलीत गाठ चालत नाही.

आणि हा नाणे उलटेपालटे करत बसलेला!

"अहो, पाडताय ना?"

"अगं, टांकसाळीत ठसेच असे मारलेत. त्याचं डोकं जिथे, तिथे मागे हिचे पाय. त्याच्या डोक्यावर भोक पाडलं तर ज्युनो उलटी लटकते."

"मग दुसऱ्या टोकाला पाडा."

"आणि सम्राटाला उलटा टांगू? गेल्या वर्षी एकजण त्याच्या चित्राची अंगठी घालून संडासात गेला, तर लोकांनी चुगली केली. शिपाई घेऊन गेले, परत आला नाही तो."

"देवी उलटी टांगलीत, तर बाळही उलटंच येईल!"

इकडे आड, तिकडे विहीर. आतून फेलिकुलाची किंकाळी आली. त्याने डोळे मिटले आणि हातोडी मारली. भोक सम्राटाच्या डोक्यावर.

"मी देवीपेक्षा माणसांना भ्यालो गं," तो रडत म्हणाला. मला त्याचा इतका राग आला की साखळी हिसकावून मी आत गेले.

फेलिकुला सुइणीने आणलेल्या बाळंतपणाच्या खुर्चीत बसली होती. मागून मी तिच्या गळ्यात साखळी घातली. सम्राट बाहेर ठेवला, उलटी देवी तिच्या छातीकडे लपवली. तिने छातीवरचे नाणे खालच्या कडेला धरून डोळ्यांसमोर उचलले, तशी मागची बाजू तिच्यासमोर आली.

"आई, किती सरळ उभी आहे गं!"

मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिले. देवीचे पाय आमच्याकडे, डोके वर. जगासाठी सम्राट सरळ होता आणि माझ्या लेकीसाठी ज्युनो.

"दिसतंय," सुईण ओरडली.

दाराबाहेरून पांफिलसचा चिरका आवाज आला, "काय दिसतंय? पाय?"

"केस!" सुईण म्हणाली. "काळेभोर केस!"