पार्वताबाईंची कवडी

शिंदखेड्याकडच्या त्या गावात पार्वताबाईंच्या न्यायाला मान होता. मांजरीच्या पिल्लांची वाटणी असो की गल्लीतलं भांडण, म्हातारी कमरेची कवडी काढायची, देवीचं नाव घ्यायची आणि जमिनीवर टाकायची. देवीपुढे तोंड कोण उघडणार!

पंचाऐंशी सालापासून घरातला आखाजीचा तिढाही कवडीच सोडवू लागली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके घेतात, मैत्रिणींना भेटतात. पण घरी दोन म्हशी, आणि म्हातारी बसली की गुडघे उठू देत नाहीत. तेव्हा दोन सुनांपैकी एकीनेच जायचं. कवडी पालथी पडली तर थोरली रुक्मा, उताणी पडली तर धाकटी लीला. तीन वर्षं रुक्माच गेली. लीलाला न्यायला आलेला भाऊ गिरधर दर वेळी एकटाच परतला. “देवीनी मर्जी,” म्हणून म्हातारी डोळे पुसायची. खोटं नाही, दोघी सुनांवर तिचा सारखाच जीव होता.

पुढच्या आखाजीच्या तोंडावर लीलाचं तान्हं रडू लागलं, म्हणून पार्वताबाई त्याच्यापुढे कवडी उडवत बसल्या. उताणी पडली की टाळ्या वाजवायच्या. पण टाळ्यांची वेळच येईना. पालथी, पालथी, पुन्हा पालथी. पोर कंटाळून झोपलं आणि आजी कवडी उलटसुलट करून बघू लागली. कवडीला पालथं पडायची खोडच होती, आणि आपण ती देवीच्या नावावर खपवली!

रुक्मा मनाची भली. म्हणाली, “आत्या, बाजू बदली टाकूत.”

“म्हंजे मंग तू जलमभर घर बसशी का?”

दुसरी कवडी आणली, तीही तसलीच. नाणं टाकायला म्हातारी तयार नाही, कौल कवडीचाच. शेवटी बाजरी निवडताना तिला तोडगा सुचला. कवडी दोनदा टाकायची. आधी पालथी मग उताणी, तर रुक्मा. आधी उताणी मग पालथी, तर लीला. दोन्ही वेळा सारखीच पडली, तर पुन्हा पहिल्यापासून. सोपं दान आणि अवघड दान दोघींनाही लागणार. फरक फक्त आधी कुठलं याचा.

गिरधर ओट्यावर बसून होता. कवडी पडली: पालथी, पालथी. मोडीत. मग उताणी! लीलाने श्वास रोखला. दुसऱ्यांदाही उताणीच. तेही मोडीत. मग पालथी, आणि लगेच उताणी.

रुक्मा जिंकली. गिरधर एकटाच निघायला उठला.

लीला हसली. “आत्या, आज मी खरी हारनू. मांगे ते मनं नावबी डावमा नव्हतं.”

ते ऐकून म्हातारीचं काळीज हललं. ती कवडीकडे बघत राहिली. आज दान अगदी सरळ पडलं होतं, तरी तिच्या मनाला पटेना. तेवढ्यात आतून तिच्या दोन्ही पोरांचा, देवचंदचा आणि वाल्मीकचा, पत्ते पिसतानाचा हसण्याचा आवाज आला. पार्वताबाई चमकल्या. घरात हातीपायी धड माणसं चार, आणि इतकी वर्षं कवडी टाकली ती दोघींतच!

“लीला, गिरधरसंगे निघ. रुक्मा, तू बी निघ,” त्या म्हणाल्या, आणि कवडी मुठीत घेऊन, गुडघा धरत उठून आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. “पत्ते ठेवा रे पोरेहो. म्हशीस्नी धार कोन काढी आनि भाकरी कोन थापी, ते ठरावनं शे.”