ससा नावाचा कुत्रा

कुत्रीची लस दरवर्षी दिवाळीच्या आत उरकायची, हा माझा नियम. त्यासाठी नांदेडच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले, की अजूनही अर्धापूरचे ते केळीवाले काका आठवतात. त्यांचं नाव मी विचारलंच नाही.

खांद्यावरचं उपरणं कुत्र्याच्या पोटाखालून घेऊन, त्याचे मागचे पाय तोलत ते आत आले होते. कुत्रा निम्मा अल्सेशियन, निम्मा गावठी. बाकावरून कुणीतरी म्हणालं, "काका, नवरदेवाला मिरवत आणलं का?" तेही हसले.

डॉक्टरांनी कुत्र्याचे पाय ताणून पाहिले. "खुब्याचा सांधा सैल आहे. लहानपणी मागचे दोन्ही पाय जोडून उड्या मारत पळायचा का?"

"हाव, म्हणून तर ससा नाव ठेवलं! पण गावठी रक्त हाय न्हवं, मग कसं काय?"

"मोठ्या जातींचा आजार, पण मिश्र जातीलाही होतो. सांधा दुखतो म्हणून पिल्लं तशी पळतात. वजन उतरवा, केळी बंद. हिंडता ठेवू आपण त्याला."

काकांनी उपरणं पुन्हा कुत्र्याच्या पोटाखालून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याचं दुखून राहिलं व्हतं ताई, अन् आमी टाळ्या वाजवून राहिलो व्हतो."

निघताना ते कुत्र्याला म्हणाले, "आजपासून तू राजा. चल, राजा."

कुत्रा जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. शेवटी वाकून त्याच्या कानाशी अगदी हळू म्हणाले, "चल रे, ससा."

शेपटी हलली आणि कुत्रा उठला.