शेवटच्या चढावर मुन-सोक

प्यो मुन-सोकला एका जागी बसवत नाही, हे कोरियातल्या वोन्जू शहरात ज्यांच्या ज्यांच्या घरी तो बॉयलर दुरुस्तीला गेलाय त्या सगळ्यांना ठाऊक आहे. एक हात पान्यावर असतो, तर दुसऱ्या हाताची बोटं पत्र्यावर ताल धरतात. कॉफी दिली तर उभ्यानं पितो. त्याची बायको ओक-ह्वा म्हणते, "युन-आचे बाबा, तुमच्या बुडाखाली कुणी निखारे ठेवलेत का?" तो हसतो, उठतो आणि उगाचच खिडकी उघडून बंद करतो.

पण हाच माणूस वयानं मोठ्या माणसासमोर आला की त्याचं पार मांजर होतं. चार भावांत तो धाकटा. थोरल्यांनी चमचा उचलल्याशिवाय त्यानं कधी घास घेतला नाही, आणि दारूचा घोट घेताना मान बाजूला वळवायची सवय इतकी अंगात मुरली की एकटा प्यायला बसला तरी भिंतीकडे तोंड करतो. एकोणचाळिसाव्या वर्षी तो डोंगरी सायकलच्या मंडळात गेला. तिथे सगळे पन्नाशीला टेकलेले. म्हणजे तिथेही हाच शेंडेफळ. पंक्चर यानं काढायची, व्हॅन यानं चालवायची, माकगॉल्लीच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, बाटल्या यानं वाहायच्या. मंडळाच्या अकरा वर्षांच्या फोटोंत तो कुठेच नाही, कारण सगळे फोटो त्यानंच काढलेत.

पाय मात्र देवानं त्याला झकास दिले होते. चढावर बाकीचे धापा टाकायचे तेव्हा हा नाकानं श्वास घेत असायचा. तरी त्याची जागा ठरलेली होती. सगळ्यांत पुढे मेंग चुन-गिल, आणि त्यांच्या मागे एक चाक सोडून मुन-सोक. मेंग निवृत्त बसचालक, वय एकोणसाठ, मंडळाचे अध्यक्ष. त्यांना सगळे ह्योंगनिम म्हणत, थोरल्या भावाला म्हणावं तसं. मे महिन्यातल्या डोंगरी शर्यतीत पन्नाशीच्या गटात ते आठ वेळा तिसरे आले होते. पहिला नाही, दुसरा नाही, तिसराच. पण तो नंबर त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

यंदा मुन-सोकला पन्नाशी लागली, आणि तो त्यांच्याच गटात आला.

मार्चमध्ये मंडळानं दरवर्षीप्रमाणे डोंगराच्या पायथ्याशी पूजा मांडली. सायकली ओळीनं उभ्या केल्या, टेबलावर उकडलेलं डुकराचं मुंडकं, फळं, भाताचे केक ठेवले. एकेकानं वाकून नमस्कार घातला, डुकराच्या तोंडात नोट खोचली आणि वर्षभर हातपाय शाबूत ठेव असं डोंगराला विनवलं. ह्योंगनिमनी कागदावरची प्रार्थना वाचली, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "ही माझी शेवटची शर्यत. गुडघा गेलाय. मेनंतर मी फक्त आमच्या नातवाची सायकल ढकलणार."

 मग सचिव नामगुंगनं मुन-सोकला सायकलींमागे ओढलं. "धाकट्या, तुझ्यापुढे अख्खी दहा वर्षं पडलीत. ह्योंगनिमकडे हा एकच रविवार आहे. काय म्हणतोय ते कळतंय ना?"

"कळतंय."

"शहाणा आहेस. जा, माकगॉल्ली आण."

कळत तर होतंच, पण दहा वर्षं कुठली? पहिले दोन नंबर ज्यांचे, ते दोघे वर्षानुवर्षं हलणारे नव्हते. आणि पुढच्या वर्षी शेजारच्या गावचा, एकेकाळी देशासाठी सायकल चालवलेला एकजण पन्नाशीत येणार होता. म्हणजे मुन-सोकला विजेत्यांच्या पायरीवर चढायचं असेल तर हाच रविवार, पुढे कधीच नाही. हे त्यानं फक्त ओक-ह्वाला सांगितलं.

"मग जा की पुढे," ती मुळा चिरता चिरता म्हणाली. "शर्यत आहे का आजोबांचं श्राद्ध, की वयानुसार रांग लावायची?"

"तुला नाही समजायचं."

"मला सगळं समजतं. रात्री झोपेत माझ्या नडग्यांवर पेडल मारता तुम्ही."

शर्यतीच्या सकाळी तो चार वेळा शौचालयात जाऊन आला. टायरमधली हवा सोडली, भरली, पुन्हा सोडली. किमबापचा, भाताच्या गुंडाळीचा, एक तुकडा तोंडात घातला आणि गिळायलाच विसरला. ह्योंगनिम मात्र गुडघ्याला पट्टी बांधून शांतपणे केळं खात होते. "काय रे, डास चावतायत का?" त्यांनी विचारलं, आणि मुन-सोक उगाचच खी खी करून हसला. स्वतःच्या त्या हसण्याची त्याला शिसारी आली.

तीन फेऱ्या होत्या, प्रत्येकी सात किलोमीटरची. आधी रुंद जंगलरस्ता, मग लालसर पाइनच्या झाडांतून जाणारी एकेरी पायवाट, मग उतार. शिट्टी वाजली. पहिले दोघे ठरल्याप्रमाणे धूळ उडवत निघून गेले. त्यांच्या मागे ह्योंगनिम, आणि एक चाक सोडून मुन-सोक. चौथ्याच्या मागे बराच वेळ कुणी दिसेना. प्रश्न दोघांतलाच उरला.

पहिल्या फेरीत रुंद रस्त्यावर तो सहज पुढे जाऊ शकला असता. 'आत्ताच कशाला, दुसऱ्या फेरीत बघू,' त्यानं स्वतःला समजावलं. दुसऱ्या फेरीत ह्योंगनिमचा वेग पडला. मुन-सोकचे पाय वळवळत होते आणि तो चढावर ब्रेक दाबत होता! चढावर ब्रेक दाबणारा माणूस अख्ख्या कोरियात दुसरा सापडायचा नाही. पुढे जायचं असेल तर "डावीकडून!" असं ओरडायचं, पुढचा बाजूला होतो, एवढा साधा रिवाज. अनोळखी लोकांवर तो दर रविवारी ओरडायचा. आता तो शब्द घशाशी येई आणि तिथेच बसे. त्याला स्वतःचा राग आला, ह्योंगनिमचा आला, नामगुंगचा तर फारच आला.

तिसरी फेरी, शेवटचा चढ. पाइनची मुळं पायवाटेवर आडवी पसरलेली, रात्रीच्या दवानं ओली. ह्योंगनिमचं मागचं चाक मुळावरून घसरलं. त्यांनी पाय टेकला, सायकल आडवी झाली. उजवीकडे हातभर कोरडी वाट पूर्ण मोकळी होती. मुन-सोकला ती दिसली. तिच्यापलीकडे चढ संपत होता, मग नुसता उतार, आणि खाली ओक-ह्वा दोरीला रेलून उभी असणार.

आणि मुन-सोकनं पाय टेकला.

तो थांबला. हँडल धरून, मान किंचित खाली घालून, दारात थोरला बूट चढवत असताना धाकटा थांबतो तसा. ह्योंगनिमनी सायकल उभी केली. मागे वळून एकदा त्याच्याकडे पाहिलं.  वर चढून बसले आणि निघाले, आणि तोही त्यांच्या मागे निघाला.

खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसरे मेंग चुन-गिल, चौथा प्यो मुन-सोक. नामगुंगनं त्याच्या पाठीत कौतुकाची थाप मारली. ओक-ह्वानं नुसता टॉवेल हातात दिला आणि दुसरीकडे पाहू लागली. ह्योंगनिम पायरीवर चढले, पदक घातलं, तांदळाचं पोतं घेतलं, चारही दिशांना वाकून नमस्कार केला. मुन-सोकनं फोटो काढले. 

मंडळाच्या तंबूत सगळे टोफूच्या रश्श्याभोवती बसले. ह्योंगनिमनी चमचा उचलला नाही, त्यामुळे कुणीच उचलला नाही. रस्सा निवत चालला.

"मुन-सोक. त्या मुळांपाशी का थांबलास?"

"साखळी उतरली होती, ह्योंगनिम."

"अकरा वर्षं तुझी साखळी मी पाठीमागे ऐकतोय. ती उतरली नव्हती."

नामगुंग घाईघाईनं म्हणाला, "अहो ह्योंगनिम, पोरानं मान राखला तुमचा. रस्सा घ्या."

"तू गप रे." ते मुन-सोककडेच बघत होते. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण गळ्याची शीर ताठ झाली होती. "आठ वेळा मी तिसरा आलो. धापा टाकत, ओकत आलो, पण माझ्या पायांनी आलो. आज शेवटची होती. घरी गेल्यावर म्हातारी विचारील, कितवे आलात? मी काय सांगू? तू सांग. तू थांबला नसतास तर कितवा आलो असतो मी?"

मुन-सोकचे गुडघे टेबलाखाली उडत होते. नेहमीसारखं हसू तोंडाशी आलं. ते त्यानं गिळलं. आजवर कुणाही थोरल्याला दिलं नव्हतं असं उत्तर त्याच्या जिभेवर आलं, आणि ते सांगताना त्याला रडू फुटेल असं वाटलं.

"चौथे, ह्योंगनिम."

 नामगुंगचं तोंड उघडं राहिलं.

मेंग चुन-गिलनी डोळे मिटले, उघडले, आणि एक लांब श्वास सोडला.

"चौथा," ते म्हणाले. "बरोबर. मलाही तसंच वाटलं होतं. पण गाढवा, हे तिथे वर सांगायचं होतंस. तिथे सांगितलं असतंस तर आज आपल्या दोघांनाही आपापला नंबर मिळाला असता."

मग त्यांनी चमचा उचलला, आणि सगळे निवलेला रस्सा खाऊ लागले.