एक मान मागं

दौंड स्टेशनच्या टांगा अड्ड्यावर याकोब साळव्याइतका सरळमार्गी माणूस दुसरा नव्हता. हे अड्ड्यावरचे लोक म्हणत, आणि कुणी म्हणायचं विसरलं तर याकोब स्वतः आठवण करून देई. सवारीची ट्रंक आपटणार नाही, जास्त भाडं मागणार नाही आणि मुख्य म्हणजे नंबर मोडणार नाही. रेल्वे आली की टांगे ज्या ओळीनं उभे, त्याच ओळीनं निघत. रस्त्यात पुढच्या टांग्याला कुणी ओलांडायचं नाही, असा अड्ड्याचा कायदा होता. ओलांडणारा म्हणजे दुसऱ्याची परतीची सवारी पळवणारा. बाकीचे हा कायदा सोयीनं पाळत. याकोबाला मात्र कायदा म्हणजे कायदा.

त्याची घोडी चिमणी. अंगानं बारीक, रंगानं तांबूस, शिंगरू असल्यापासून त्याच्याच हातची. पाटसच्या रस्त्यावर मोकळी सुटली की एस.टी.चे ड्रायव्हरसुद्धा खिडकीतून मान बाहेर काढून बघत. तिला जत्रांतल्या टांग्यांच्या शर्यतीत उतरवायची बुद्धी याकोबाला कुणी दिली नाही, ती त्याला आपोआपच झाली. मिशनमधले पाळक नाराज झाले, तेवढं त्यानं सोसलं.

पण त्याच सुमारास शिरूरच्या साहेबराव पवारांची नागीण गाजत होती. काळीभोर, उंच, नुसती उभी राहिली तरी माणसं गोळा व्हायची. शिरूर, पाटस, कासुर्डी, जत्रा कुठलीही असो, नागीण पहिली आणि चिमणी दुसरी. तीही कशी दुसरी? मागून झपाट्यानं यायची, नागिणीच्या मानेशी भिडायची आणि तिथंच राहायची. शेवटच्या खुणेपर्यंत एक मान मागं. गुलाल नागिणीच्या कपाळाला लागायचा, लोक तिच्यामागं धावायचे, आणि चिमणी धापा टाकत एकटी उभी असायची.

साहेबराव दिलदार गडी. ते म्हणायचे, "याकोबराव, तुमची घोडी सोनं हाय. फकस्त माझी नागीण जल्माला यायला नको व्हती."

हे ऐकून याकोबाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. साहेबरावांवर काढता येत नव्हती, म्हणून ती चिमणीवर निघायची. भित्री आहे, तिला जिगर नाही, खाते तेवढं वाया जातं, असं तो अड्ड्यावर सगळ्यांदेखत बोलू लागला. कुणीतरी तिच्या डोळ्याखालचा भोवरा दाखवून म्हणालं, "ही आसूढाळ हाय, अशी घोडी धन्याला रडवती." दर रविवारी मिशनच्या देवळात बसणाऱ्या माणसानं ते खरं मानलं आणि तिचे हरभरे कमी केले.

शहात्तर साली कासुर्डीच्या जत्रेत चिमणी पुन्हा नागिणीच्या मानेशी आली आणि पुन्हा अडकली. याकोबाचं भान सुटलं. चाबूक कुठं पडतोय हे त्यानं बघितलं नाही. वादीचं टोक उजव्या डोळ्यात गेलं. चिमणी किंचाळली, पण थांबली नाही, दुसरीच आली.

डोळा गेला. बाभळीची फांदी लागली, असं याकोबानं गावाला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो खोटं बोलला आणि लोकांनी लगेच खरं मानलं, कारण सांगणारा याकोब होता. राहेल, त्याची बायको, महिनाभर तो डोळा कोमट पाण्यानं धूत होती. तिनं विचारलं काहीच नाही. त्याला तेच जास्त लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात राहेलची आई पुण्यात आजारी पडली. सकाळची गाडी गाठायची होती आणि पुढं अड्ड्यावरच्याच कोंडिबाचा टांगा रमतगमत चालला होता.

"अवो, काढा की पुढं!" राहेल म्हणाली.

याकोबानं चिमणीला हाक दिली. ती उसळली, कोंडिबाच्या घोड्याच्या मानेशी आली आणि तिथंच राहिली.

"बघ! अशीच हाय ही. हिच्यात दमच न्हाई."

"ती कुठं थांबली? तुमीच धरलंय की तिला. डावा हात बघा तुमचा."

याकोबानं हात बघितला. लगाम मुठीत आवळलेला आणि मूठ छातीशी ओढलेली. कधी ओढली ते त्याला कळलंही नव्हतं.

गाडी मिळाली. राहेल गेली. याकोब स्टेशनबाहेर टांग्यावर तसाच बसून राहिला. नवी नवी टांग्याला जुंपली तेव्हा चिमणी पुढच्या टांग्याच्या बरोबरीला गेली की त्यानं दर वेळी लगाम खेचला होता, वर मानेवर फटका दिला होता. नंबर मोडायचा नाही, हे तिला शिकवता शिकवता त्याचा हातही शिकला होता. म्हणजे प्रत्येक शर्यतीत उजवा हात पळ म्हणत होता, डावा हात थांब म्हणत होता, आणि थांबली म्हणून तो तिला मारत होता. त्याला तिच्याकडं बघवेना.

तो तसाच शिरूरला गेला. साहेबरावांच्या दारात उभा राहून म्हणाला, "मीच धरत व्हतो तिला. आन् डोळाबी मीच फोडला. एकदा पळू द्या दोघींना. माणसं नकोत, गुलाल नको."

साहेबराव उठले. त्यांनी नागीण जुंपली.

घोडनदीकडच्या मोकळ्या रस्त्यावर टांगे निघाले. चिमणीच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला याकोबानं नागीण घेतली. चाबूक त्यानं साहेबरावांच्या दारातच ठेवला होता. लगाम त्यानं पुढच्या फळीला सैल बांधून टाकला. वय झालेली नागीण जीव तोडून पळत होती, आणि चिमणी मागून अशी आली, की साहेबरावांच्या तोंडून शाबासकी निघाली.

"जा बाई," याकोब म्हणाला. "जा पुढं. न्हाई धरत मी."

नागिणीच्या मानेशी येऊन चिमणीनं पाय आखडले. एक कान मागं वळवून ती त्याच्या हिसक्याची वाट बघत तिथंच पळत राहिली.

"याकोबराव, धरू नका! सोडा तिला!" साहेबराव ओरडले.

याकोबानं दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले.