भरल्या पोटाची गाडी

यंत्राला भूक लागावी म्हणून झुरणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझा घरमालक होता. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. खोली मागायला गेलं की लोक आधी आडनाव विचारत, मग खोली नेमकी कालच दिलेली निघे. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. मान खाली घालून मागणं मला जमत नव्हतं. या रिटायर आयटीआय मास्तरांनी दारातच विचारलं, "तुला काय पाहिजे?" "खोली." "मग घे की." चौकशी संपली.

माणसाला काय पाहिजे ते कळलं की माणूस कळला, असं त्यांचं ठाम मत. टेपरेकॉर्डरच्या मोटारी आणि खेळण्याची चाकं जोडून त्यांनी पाटाएवढी एक गाडी केली होती. बॅटरी उतरली की ती उजेडाकडे जाई, कारण चार्जरवर बल्ब होता. ही तिची भूक. चाक अडलं की मोटारीला जास्त करंट, हा राग. "अन् भीती?" मी विचारलं. "भीती म्हणजे मुकादम. बाकीची कामं बंद पाडून एकच करायला लावतो." माझ्या मानसशास्त्राच्या पुस्तकात इतकं सरळ काही नव्हतं. एका संध्याकाळी लाईट गेली, तशी गाडी उघड्या दारातून निघाली आणि शेजारच्या बारशात पेट्रोमॅक्सखाली जाऊन उभी राहिली. शेजारची मावशी तिला कडेवर घेऊन आली. "मास्तर, लेकराला उपाशी ठिवून लोकाच्या दारात धाडायलाव का?" मास्तर आठवडाभर खुशीत होते.

पण पोट भरलं की गाडी जागच्या जागी बसून राही. इथं त्यांचं घोडं अडलं होतं. बायको वारलेली, मुलगा पुण्याला, काही काम निघालं तरच यायचा. "भरल्या पोटी हिनं माझ्या खुर्चीपाशी यावं, एवढंच जमवायचं हाय," म्हणायचे आणि पुन्हा वायरी सोडवायला बसायचे.

पुढं मला बोरीच्या शाळेत नोकरी लागली. दिवाळीच्या सुट्टीत परभणीला उतरलो, तो थेट त्यांच्याकडे गेलो. माझी खोली रिकामीच होती.

"काय काम काढलंस?"

"काही नाही."

"सामान राह्यलं का काही?"

"नाही सर. सहज आलो."

त्यांनी हातातली सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली, खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस. आता सावकाश सांग. यावं असं वाटलं, तवा आधी काय झालं आत?"

मी बराच विचार केला. त्यांनीही घाई केली नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.